शरूचा देश

शरू,

तुझ्या निखिलला मी तीन दिवस उत्तर दिलं नाही.

तू गेल्याचा फोन त्यानंच केला होता. चौथ्या दिवशी त्यानं पुन्हा फोन केला. म्हणाला, "मामी, आई सांगून गेली आहे. अस्थी इथल्याच नदीत सोडायच्या. चिमूटभरसुद्धा नाशिकला पाठवायच्या नाहीत. पण मामा आता नाहीत, मोठ्या तुम्हीच. तुम्ही सांगाल तसं करतो."

पोरगा मॉन्ट्रियलला जन्मला, तिथेच वाढला, आणि विचारायला मात्र नाशिकला फोन करतो. हे वळण तूच लावलंस. मी म्हटलं, "विचार करून सांगते रे." आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसले. मेथीची एक जुडी निवडायला मला दीड तास लागला.

तुझे चुलतभाऊ, आपले बापूभाऊजी, रोज सकाळी येऊन खुर्चीत बसत. त्यांचा एकच धोशा. "वहिनी, काश्मीरपासून माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. आणि आपल्या नाशिकची लेक, जिच्या घरापासून रामकुंड रिक्षानं दहा मिनिटं, ती त्या परक्या पाण्यात? निखिल लहान आहे, त्याला कळत नाही. तुम्ही सांगा त्याला."

निखिल पस्तिशीचा आहे, पण ते असो.

बापूभाऊजींना द्यायचं उत्तर माझ्याकडे होतं. पण ते द्यायचं तर तेरा वर्षांपूर्वी फोनवर मी तुला जे बोलले, ते आधी मागे घ्यायला हवं होतं. आणि ज्या माणसाला बोललो तेच नसेल, तर शब्द मागे घेऊन ठेवायचा कुठे? म्हणून हे लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, लांबण लावू नकोस, मुद्द्यावर ये." येते. पण माझ्या चालीनं येते, गुडघे दुखतात.

मुळात मी कोण होते हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आता आठवलं की मलाच हसू येतं. मी सायखेड्याच्या एका बेचाळीसच्या कैद्याची लेक. माझे वडील दीड महिना तुरुंगात होते. तुमच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा मी ते सहा महिने करून सांगितलं. पुढे दोन मुलं झाली तोवर त्याचं दीड वर्ष झालं होतं. तुझा दादा ऐकून फक्त चष्मा पुसायचा. माणूस शाळामास्तर, आकडा चुकला की त्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा, पण बायकोच्या बाबतीत त्यानं तो हात आवरला.

अशा घराण्याची मी, आणि तू जाऊन इंग्लंडच्या राणीची शपथ घेतलीस. अनंतरावांच्या नोकरीपायी तुम्ही दोघं कॅनडात, मॉन्ट्रियलला गेलात, पाच-सहा वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलंत. तुझं पत्र आलं आणि मी पेटले. लगेच उत्तर लिहिलं: "राणीला मुजरा करताना कंबर दुखली का?" लिहून झाल्यावर स्वतःवर इतकी खूश झाले की शेजारणीला वाचून दाखवलं. तुझं उत्तर महिन्यानं आलं. "राणी आली नव्हती. एक टकले जज्ज होते. त्यांनी शपथ दिली, हात मिळवला आणि केकचा तुकडा दिला. केक बरा होता."

एवढंच. तुझ्याशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं.

पण मी सोडणारी नव्हते. दर दोन हिवाळ्यांनी तू यायचीस, आणि तू बॅग उघडायच्या आत माझं सुरू. "तुमच्या नोटेवर अजून बाईंचं चित्र आहे का गं? आम्ही आमच्या नोटांवरून त्यांच्या वडलांना कधीच काढलं." एक्याण्णव की ब्याण्णवचा जानेवारी असेल. अनंतराव जाऊन तीन वर्षं झाली होती, आम्ही सगळे परत ये म्हणत होतो आणि तू येत नव्हतीस, त्याचाही राग माझ्या बोलण्यात होता. तू ओट्याशी उभी राहून चिंच कोळत होतीस. मी म्हटलं, "आम्ही एका रात्रीत झेंडा उतरवला आणि आपला चढवला. तुमचं काय ते, मागून मागून, अर्ज करून करून. असं का कुठे स्वातंत्र्य मिळतं?"

तू वर पाहिलंस. भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"वहिनी, तू आईशी भांडून वेगळी चूल मांडलीस का?"

"काहीतरीच काय."

"मग आमटीत गूळ किती घालायचा, हे आता कोण ठरवतं?"

"मी."

"आणि आईचा फोटो?"

"तो असू दे. फोटोनं काय बिघडतं?"

"नोटेवरच्या चित्रानंही बिघडत नाही."

मी अडकले, पण हरणं माझ्या पत्रिकेत नाही. म्हटलं, "सासूबाई फोटोत गेल्यावर मी गूळ कमी केला. तुमची राणी अजून जिवंत आहे."

तू चिंचेचा कोळ गाळत शांतपणे म्हणालीस, "आई जिवंत असतानाच तू गूळ कमी केला होतास. आधी सणावाराला नाही, नुसता रोजच्या आमटीत. मग हळूहळू सणालाही. मी बघत होते. आईही बघत होती. कुणी काही बोललं नाही, आणि एक दिवस स्वयंपाकघर तुझं झालं. आमच्या देशाचं तस्संच आहे."

"आमच्या देशाचं" असं तू म्हणालीस, आणि गुळापेक्षा मला ते जास्त टोचलं.

त्या दिवशी तू मला सगळं सांगितलंस, मी ऐकत नाहीये असं दाखवत होते तरीही. सत्तेचाळीस साल उजाडेपर्यंत तिथे कायद्यानं कॅनेडियन नागरिक असं कुणी नव्हतंच, सगळे ब्रिटिश प्रजाजन. त्यांचा तो लाल पानाचा झेंडा आपल्या तिरंग्याहून कितीतरी लहान, तू तिथे जायच्या चार वर्षं आधी आलेला, आणि त्यावरूनही संसदेत महिनोन्‌महिने भांडणं झालेली. आणि राज्यघटना? ती लंडनच्या संसदेत अडकून पडलेली, ती घरी आणायला ब्याऐंशी साल उजाडलं. राणी स्वतः येऊन सही करून गेली. तुम्ही निखिलला घेऊन ओटावाला गेला होतात ते बघायला. भर पावसात कार्यक्रम झाला, कागदावर थेंब पडले आणि शाई जरा फिसकटली. "तशीच ठेवलीये," तू म्हणालीस. "फिसकटलेली. कुणी नवी प्रत करायला गेलं नाही."

सांगताना तुझा चेहरा काय झाला होता, शरू. आपल्या लेकाचं अक्षर वाकडं आहे हे सांगताना आईचा होतो ना, तसा. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून फोडणी दिली.

आता पंचाण्णव साल. इथून पुढे मला विनोद सुचत नाही, तरी प्रयत्न करते.

त्या वर्षी दिवाळी आणि तुझ्या दादाची साठीशांत एकाच आठवड्यात आली. साठ दिव्यांचं औक्षण बहिणीनं करायचं. तुझं तिकीट काढून झालं होतं. मी साठ पणत्या रंगवून ठेवल्या होत्या. आणि तुझा फोन आला.

"वहिनी, मी शांतीला पोचत नाही. आठवडाभर उशिरा येते. इथे मतदान आहे."

मला वाटलं, आपल्यासारखी निवडणूक असेल, कोण आमदार व्हायचा ते व्हायचा. तू समजावत होतीस. तुमच्या प्रांतात बहुतेक लोक फ्रेंच बोलणारे, त्यांना वाटतं आपला वेगळा देश असावा. घटना घरी आली तेव्हा त्यांच्या सरकारनं सहीच केली नव्हती. आता प्रांतातल्या प्रत्येकाला विचारणार आहेत, वेगळं व्हायचं की नाही, हो किंवा नाही. काट्याची लढत आहे. "एकेक मत मोजलं जाणार आहे, वहिनी. देश राहतोय का मोडतोय ते ठरणार आहे. मी नाही निघू शकत."

आणि मी म्हणाले, शब्द न्‌ शब्द आठवतो: "तुला काय करायचंय त्यांच्या भांडणात? तू तिथली भाडेकरू. घरमालकांची भांडणं लागली की भाडेकरूनं दार लावून बसावं. सख्ख्या भावाची साठी सोडून परक्यांच्या घराची राखण कसली करतेस?"

त्या काळी परदेशच्या फोनमध्ये आपलाच आवाज परत ऐकू यायचा. "भाडेकरू" मी एकदा बोलले आणि दोनदा ऐकलं. मग तुझा आवाज आला. "दादाला नमस्कार सांग. दिवाळीचा फराळ जपून खा म्हणावं, त्याला साखर आहे." आणि फोन बंद.

तू आठवड्यानंही आली नाहीस. त्या वर्षी आलीच नाहीस.

मी तुझ्या दादापुढे फणकारले, "बघितलंत बहिणीचं प्रेम." त्यानं आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केलेल्या. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या बूथवर मतपेटी उशाशी घेऊन झोपलेला माणूस. तो म्हणाला, "मतदानाला थांबली ना? मग बरोबर आहे." आणि चष्मा पुसला. नंतर हळूच म्हणाला, "तुझ्या कुरडया कशा झाल्या होत्या गं यंदा?"

मी ताटं उचलायला लागले.

कारण असं, की त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे विधानसभेची निवडणूक झाली होती, आणि बेचाळीसच्या कैद्याची ही लेक मतदानाला गेलीच नव्हती. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घातलेला, चीक नेमका त्याच सकाळी शिजवायला आलेला. चीक का देशासाठी थांबतो? तुझा दादा सकाळीच जाऊन आला होता. तो विचारील म्हणून मी दौतीतली शाई घेऊन बोटावर नखापाशी ठिपका दिला. दुपारी कणीक मळली आणि ठिपका कणकेत गेला. ह्यांनी ताटातल्या निळसर पोळीकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मतदानाची शाई कणकेनं जात नसते." बस. त्यावर ओरडले नाहीत की काही नाही. पोळी मात्र खाल्ली.

ही गोष्ट त्यांनी तुला पत्रानं कळवली होती. मला ते पुढे कितीतरी वर्षांनी समजलं. म्हणजे मी तुला फोनवर भाडेकरू म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं, की घरमालकीण स्वतः चीक ढवळत बसली होती. एका वाक्यात तू मला चूप करू शकली असतीस. तू दादाची साखर जपायला सांगितलंस.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत तू आलीस. मधल्या वर्षात आपण दोन-तीनदा फोनवर बोललो होतो, हवापाण्याचं. माफी मागणं मला जमत नाही, हे काही नवं नाही. त्याऐवजी मी काहीतरी करून दाखवायला जाते आणि घोटाळा करते. सव्वीस जानेवारीला आपल्या कॉलनीत झेंडावंदन असायचं, तुझा दादा अध्यक्ष. त्यानं तुला दोन शब्द बोल म्हणून सांगितलं होतं. मी ठरवलं, टेबलावर आपल्या छोट्या तिरंग्याशेजारी तुझ्या देशाचाही एक छोटा झेंडा ठेवायचा. तुला न सांगता. शिवणार मी.

लाल कापड मिळालं, पांढरं मिळालं. पानाचं काय? तुझ्या एका जुन्या फोटोत मागे कुठेतरी झेंडा होता, पण पान अंगठ्याच्या नखाएवढं. दातेरी, टोकाटोकाचं, एवढंच कळत होतं. मी सायखेड्याला भावाकडे गेले. त्याच्या द्राक्षबागेत उभी राहिले आणि म्हटलं, हे काय, हेच तर ते पान. एक चांगलं मोठं बघून तोडलं. भाऊ ओरडला, "आक्का, माल उतरायच्या टायमाला पानं कशाला तोडती? घडाला ऊन लागतंय."

"झेंडा शिवायचाय."

"द्राक्षाचा?"

"कॅनडाचा."

तो म्हणाला, "तिकडं बी थॉमसन द्राक्षंच लावत्यात का?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय." आणि पान कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवलं.

झेंडावंदन झालं. तू बोलायला उभी राहिलीस, टेबलावर हात टेकलेस, आणि झेंडा पाहिलास. आधी तुझ्या कपाळाला आठी पडली. मग तू वाकून जवळून पाहिलंस. मग माझ्याकडे. पुढे कॉलनीतली सगळी माणसं, पहिल्या रांगेत पोरं, आणि तू हसायला लागलीस ती थांबेचना. पदर तोंडाला लावून हसत होतीस. शेवटी म्हणालीस, "मंडळी, आमच्या झेंड्यावर मेपल नावाच्या झाडाचं पान असतं. माझ्या वहिनीनं तिथे निफाड तालुक्यातलं द्राक्ष लावलं आहे. माझ्या दोन्ही देशांना हे चालेल." टाळ्या पडल्या. मी खुर्चीत इतकी खाली सरकले की मागच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

तो झेंडा तू नेलास. दर एक जुलैला, तुमच्या कॅनडा दिनाला, गॅलरीत लावायचीस म्हणे. फ्रेंच शेजारीण विचारायची, हा कुठला? तू तिला काय सांगायचीस, ते तू मला कधी सांगितलं नाहीस.

त्याच मुक्कामात गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तू त्या मतदानाची गोष्ट काढलीस. मी काढली नव्हती. माझी छाती कुठली. तू म्हणालीस, निकाल इतका काठावर लागला की फरक आपल्या सिडको वसाहतीच्या अर्ध्या वस्तीएवढाही नव्हता. देश राहिला. पण त्याच दिवशी तिथला एक मोठा पुढारी टीव्हीवर म्हणाला, आम्हाला पैशानं आणि बाहेरून आलेल्यांच्या मतांनी हरवलं.

"बाहेरून आलेले म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी, वहिनी."

तू एक मिरची उचललीस, उलटी केलीस, परत ठेवलीस. तुझ्या तोंडावर पुढचं वाक्य आलेलं मला दिसलं. "पंधरा दिवसांत दोघांनी मला परकी म्हटलं, वहिनी, एक तो आणि एक तू." तू ते बोलली नाहीस. माझी वेळ होती ती, शरू. गच्चीवर तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

तू म्हणालीस, "टाक. पण आधी ऐक. निखिलनं वेगळं व्हायच्या बाजूनं मत दिलं."

मी मिरच्यांवर बसायचीच बाकी होते. "तुझ्या निखिलनं? तुझ्या विरुद्ध?"

"माझ्या विरुद्ध नाही गं. त्याच्या मनाप्रमाणे. सगळी शाळा फ्रेंचमध्ये झाली त्याची, मित्र सगळे तेच. त्यांचं दुखणं त्याला आतून कळतं. आणि भाषेसाठी माणसं रस्त्यावर का येतात, हे मला कुणी शिकवायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मी शाळा बुडवून गेले होते. पण मला घर मोडलेलं बघवत नाही. त्याला वाटलं, मोडत नाहीये, नवं बांधतोय."

"मग तू त्याला काय म्हणालीस?"

"जेवायला बस म्हटलं. पिठलं-भात केला होता."

मी खाली येऊन चहा टाकला आणि त्यात साखर घालायची विसरले. ज्या वर्षी ह्यांनी माझ्या आवडत्या उमेदवाराला मत दिलं नाही, त्या वर्षी मी दोन दिवस अबोला धरला होता. आणि तुझ्या घरात देश राहायचा की मोडायचा यावर आई एकीकडे, लेक दुसरीकडे, आणि मधे पिठल्याचं भांडं. स्वतःचं राज्य स्वतः करणं म्हणजे काय, याच्यावर मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत, दोन-चार दिलीही आहेत, महिला मंडळात, हातात कागद धरून. पण त्या दुपारी गॅसपाशी उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या घराण्यातली खरी स्वातंत्र्यवाली ही आहे. माझे वडील त्यांचं काम करून गेले. मी त्यांचे दीड महिने ताणत बसले. तू मात्र कुणी न सांगता, कुणाला न दाखवता, एका थंडगार गावात रांगेत उभी राहून आपल्या देशाचं आपण ठरवून आलीस. आणि ज्याला ते ठरवणं मान्य नव्हतं त्याला वाढलंस.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. चहात साखर नाही म्हणून तू हसलीस आणि ते राहूनच गेलं.

तुझा दादा गेल्यावर दोन-अडीच वर्षांनी तू शेवटची आलीस. तेव्हा आपल्या सरकारनं परदेशी नागरिक झालेल्यांसाठी नवं कार्ड काढलं होतं. तू पर्समधून काढून दाखवलंस. मी चष्मा लावून बघितलं. "म्हणजे आता तू पुन्हा भारतीय?"

"तसं नाही. येता येईल, राहता येईल, हवं तितकं. फक्त मत देता येणार नाही."

आणि मग, शरू, तू डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलंस, लहानपणी सासूबाईंच्या डब्यातला लाडू पळवताना बघायचीस तसं. "म्हणजे इथली भाडेकरू, वहिनी. तिथली मालकीण."

अकरा वर्षं तो शब्द तू जपून ठेवला होतास, आणि दिलास तो असा, हसत, धार काढून. मी काय केलं? मीही हसले. म्हटलं, "भाडं वेळेवर देत जा." आपण दोघी हसलो, आणि ते तसंच राहिलं. हसून गोष्टी मिटतात असं मला आयुष्यभर वाटत आलं. मिटत नाहीत. नुसत्या झाकून राहतात, कुरडयांवर पंचा टाकतो तशा.

तर निखिल विचारत होता, आणि बापूभाऊजी खुर्चीत.

तिसऱ्या दिवशी ते आले ते तयारीनंच आले. रामकुंडावरच्या उपाध्यायांशी बोलून आले होते. "दिवससुद्धा चांगला आहे पुढच्या आठवड्यात. तुम्ही फक्त पोराला फोन करा. कितीही झालं तरी परदेशात गेली बिचारी. निदान शेवटी तरी आपल्या गोदागंगेत येऊ दे."

मी म्हटलं, "भाऊजी, ती परदेशात नाही गेली. स्वतःच्या देशात गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तिथली होती. तो देश राहावा म्हणून तिनं भावाची साठी सोडली. मी तिला तेव्हा नाही नाही ते बोलले. चुकले. आता तिनं कुठं राहायचं ते सांगून ठेवलंय, आणि तेही मी मोडू?"

"पण लोक काय म्हणतील?"

"जे म्हणतील त्यांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांना दीड वर्षाच्या तुरुंगाची गोष्ट सांगते, परत यायचे नाहीत."

बापूभाऊजी चहा न घेता गेले. रागावले आहेत. येतील, त्यांना आपल्याकडचा चहा लागतो.

मग मी निखिलला फोन लावला. म्हटलं, "आईनं सांगितलंय तस्सं कर. तिथल्याच नदीत. सगळं."

तो म्हणाला, "थँक्यू, मामी." आणि थोड्या वेळानं, "एक विचारू? इथल्या मंदिरातले गुरुजी पुण्याकडचे आहेत. त्यांच्या पोथीत संकल्पात गोदावरी आहे."

त्याला नीट सांगता येत नव्हतं, पण मला कळलं. काहीही करायचं तर गुरुजी आधी संकल्प सांगतात, कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या तीरावर, कोण, कुणासाठी हे करतो आहे. आपल्याकडचे गुरुजी जगात कुठंही गेले तरी तीर गोदावरीचाच धरतात.

मी म्हटलं, "गोदावरी इथे आहे, माझ्या घरामागे. तुमच्या नदीचं नाव काय?"

"सेंट लॉरेन्स."

"मग तेच म्हणायला सांग. आणि देश कॅनडा. गुरुजींनी ऐकलं नाही तर फोन माझ्याकडे दे."

काल झालं सगळं. निखिलनं फोन करून सांगितलं. गुरुजी तयार होते, पण सवयीनं तोंडातून गोदावरीच आलं. निखिलनं हात वर करून थांबवलं. गुरुजींनी डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला नदी बरोबर आली, देशही बरोबर आला. तुझं नाव तर आधीपासून बरोबर होतंच.

निखिल म्हणाला, "दुसऱ्यांदा बरोबर म्हणाले, मामी."

मी म्हटलं, "होतं असं. एखाद्याचा देश त्याचा म्हणताना जीभ अडखळते. गुरुजींची एकदा अडखळली. माझी तेरा वर्षं."